गुर्जी पळाले त्या अमावस्येची हकीकत

आदरणीय मनकर्णाबाईस,
धाकट्या श्रावणचा वाकून जयभीम.

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. घरी सगळे जिवंत आहेत. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजी बीपीची गोळी वेळेवर घेतात ना? (राजदीप फोनवर सांगत असतो. पण बहीण तीन तासांवर ब्रह्मपुरीत बसलेली असताना तिची तब्येत भाच्याकडून कळावी, हे काही बरं दिसत नाही. चूक माझीच, तिथे येतोच.) माझं म्हणशील तर वजन वाढलं आहे आणि गावातली किंमत उतरली आहे. कशी, तेच सांगायला बसलो आहे.

कार्तिकाच्या अमावस्येला, गुरुवारी, भर दुपारी बारा वाजता सूर्य काळा पडून जग बुडणार, असा एका बाबाचा व्हिडिओ दिवाळीनंतर आमच्या गावात मोबाइलवरून मोबाइलवर फिरला. (बाबाच्या मागे ज्वालामुखी होता आणि खाली मंगल कार्यालयाची जाहिरात.) लोक हसत होते, पण हसता हसता कामही सोडत होते. धान कापून शेतात पडलेला, आणि भारे उचलायला माणूस मिळेना. बुडायचंच आहे तर कंबर कशाला मोडून घ्या! शेवटी रविवारी मी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभा राहिलो. फुटबॉल म्हणजे पृथ्वी, लिंबू म्हणजे चंद्र, बॅटरी म्हणजे सूर्य. एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस माइक हातात आला की कसा वाहवतो, हे तुझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत? शेवटी तर मी गर्जना केली, "गुरुवारी बारा वाजता मी याच ओट्यावर बसून चहा पिऊन राहीन. ज्याले पाह्याचं असंल त्यानं यावं!" टाळ्या पडल्या. शेजारचे लटारूभाऊ म्हणाले, "गुर्जी हायेत तं आपल्याले कायचा धोका!" आणि दुसऱ्या दिवशी माणसं कामाला लागली.

बुधवारी सकाळी दाढी करत होतो. आरशात फेस लावलेला एक म्हातारा दिसला. जग बुडणार नाही याची मला खात्री होतीच. पण समजा. (हे 'समजा' मी फळ्यावर हजारदा लिहिलं असेल; ते इतकं वाईट असतं हे कधी कळलं नव्हतं.) समजा बुडालंच, तर सहा वर्षांपूर्वी रश्मीच्या लग्नात जे झालं त्याचं काय? लेकीच्या लग्नाची तारीख तू गुपचूप पंचांगवाल्याला विचारलीस, हे कळल्यावर मी भर मांडवात माइक घेतला आणि अंधश्रद्धेवर चाळीस मिनिटं बोललो. वरण गार झालं, वरपक्ष तापला, आणि तू स्वयंपाकाच्या कनातीमागे तोंडाला पदर लावून उभी होतीस. माझा एकही मुद्दा चूक नव्हता, बाई. फक्त लग्न तुझ्या लेकीचं होतं. त्यानंतर तू बोलली नाहीस आणि मी बोलायला धजलो नाही.

म्हणून ओट्यावरचा चहा विसरून गुरुवारी सकाळी सातच्या गाडीत बसलो. तुझ्या भावजयीला, नूतनला सांगितलं, चंद्रपूरला पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायला जातो. (जग बुडण्याच्या दिवशी आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यायला निघालेला मी पहिलाच असेन.) पिशवीत तुझ्यासाठी साडी होती. नूतनच्या पेटीतली, तिच्या भावानं दिलेली. विचारायचं राहून गेलं.

मूल गावच्या स्टँडवर, दहा वाजून गेले तरी न आलेल्या ब्रह्मपुरीच्या गाडीची वाट पाहत आलुबोंडा खात होतो, तेवढ्यात नूतनचा फोन. "तुमी कुठी हात? रुखमाबाईनं तुमाले पिशवी घेऊन गाडीत चढतानी पाह्यलं. लटारूभाऊची बायको ते, गप बसते का? गावभर होऊन राह्यलं, गुर्जी पळाले! सायन्सवालाच पळाला म्हणते तं खरंच असंल! आन् माई साडी कुठी हाय?"

बाई, बाबाच्या व्हिडिओनं जे जमलं नाही ते मी एका तिकिटात करून दाखवलं. बाया रडत होत्या, लोक शेतातून परत आले होते. ब्रह्मपुरीची गाडी समोर येऊन लागली. मी तिच्याकडे पाहिलं, आणि उलट्या दिशेच्या जीपला लटकलो.

बाराला दहा कमी असताना ओट्यावर पोहोचलो. अख्खं गाव जमलेलं. मी दम खात बसलो आणि म्हणालो, "चहा आणा." चहा कोणी ठेवलाच नव्हता. बारा वाजले. काही झालं नाही. मी हसायला तोंड उघडलं, तेवढ्यात लाइट गेली (ती रोजच जाते) आणि पिठाची चक्की बंद पडताना असा काही हुंकार निघाला की मी डोळे गच्च मिटून लटारूभाऊंचा दंड पकडला आणि ओरडलो, "बाई वो!"

डोळे उघडले तर सूर्य जागच्या जागी. लटारूभाऊ शांतपणे म्हणाले, "गुर्जी, हे सायन्समधी कुठी येते?"

त्यावर गाव जे हसलं, ते अजून हसत आहे. फक्त लटारूभाऊ मध्येच थांबले. त्यांचा चेहरा पडला. "माये बैल!" मी पळालो हे ऐकून, मुक्या जनावरानं बांधलेलं मरू नये म्हणून त्यांनी जोडी जंगलाकडे सोडून दिली होती. आणि त्या बाजूला आठ दिवसांपासून वाघाचे पगमार्क दिसत होते.

दोन तास आम्ही दहा-बारा जण डबे बडवत फिरलो. एकदा झुडूप हललं तेव्हा मी सागाच्या झाडावर चढलो. चौसष्टाव्या वर्षी कसा चढलो हे विज्ञानाला सांगता येणार नाही. झुडपातून रानडुकराचं पिल्लू निघालं. बैल शेवटी नाल्याच्या पलीकडे निवांत चरताना सापडले. लटारूभाऊ एकाच्या गळ्यात पडून रडले. मग मलाही राहवलं नाही. त्यांना सगळं सांगितलं, की मी पळालो नव्हतो, बहिणीकडे निघालो होतो.

ते बैलाची पाठ चोळू लागले. मग म्हणाले, "तं जाचं ना, गुर्जी. बहिणीकडे जाले काय जग बुडावं लागते?"

म्हणून आता मुद्दे बाजूला ठेवून लिहितो. मांडवात झालं त्याबद्दल मला माफ कर. एवढं वाक्य लिहायला मला तीन पानं लागली.

तुझा,
श्रावण

ता.क. साडी नूतननं परत पेटीत ठेवली. माझ्याशी बोलते आहे, पण जेवढ्यास तेवढं.

ता.क. २. बाबाची नवी तारीख आली आहे, पुढच्या महिन्याची पंधरा. हिशेब चुकला होता म्हणे. माझा यावर काडीचा विश्वास नाही. तरी चौदालाच सकाळच्या गाडीनं येतो, गावाला सांगून. तू या पत्राचं उत्तर पाठवू नकोस. 'ये' लिहिलंस तर मी येणारच आहे. आणि 'नको' लिहिलंस तर मला यायला फार जड जाईल.