माझी सही

उरवडे,
रविवार दुपार

प्रिय रत्नदीप,

शर्यतीत तू गेलास, त्याला वर्ष झालं. काल तुझ्या स्मरणाचं पुण्यानुमोदन झालं आणि आज तुझ्या धाकट्या बहिणीनं, गौतमीनं, मोटारसायकल शर्यतीचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. तिला अजून अठरा वर्षं पुरी नाहीत, म्हणून पालकांची सही हवी.

तुझे बाबा म्हणाले, "पोरगं गेलं, आता हिलाबी धाडती व्हय?"

एक कबूल करते. तुझ्या पहिल्या अर्जावरची सही माझी नव्हती, हे मला ठाऊक होतं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी घोटून घेतलेलं माझं वळणदार अक्षर तू हुबेहूब उतरवलं होतंस. हो म्हणायचं धैर्य नव्हतं, नाही म्हणायचंही नव्हतं. काही माहीत नसल्यासारखी राहिले आणि त्यापायी तुझी एकही शर्यत पाहायला आले नाही.

गौतमी म्हणाली, "आई, जमत नसेल तर मी करू? दादानं शिकवलीय मला तुझी सही."

"काही गरज नाही. आणि शर्यतीला मी येणार आहे. पुढे उभी राहणार."

पेन घेऊन पूर्ण नाव लिहिलं, जरा वाकडंच आलं. गौतमीनं कागद उजेडात धरून पाहिला.

"दादाची जास्त चांगली यायची."

यायचीच.

तुझीच,
आई