मिशीवाला कोहळा

८ जुलै, मंगळवार

समन्स! माझ्या नावाचं! दिव्यश्री, वय सतरा, साक्षीदार. पोलीस आला तेव्हा मी डोक्याला तेल चोपडून, तोंडाला बेसन फासून दार उघडलं. बिचारा दोन पावलं मागे सरकला.

प्रकरण मागच्या दसऱ्याच्या आयुधपूजेचं. सुनीलकाकाने दुकानासाठी नवा टेंपो घेतला. मारतहळ्ळीत दुकानासमोर पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली, मग टेंपोवरून ओवाळून कोहळा भर रस्त्यात फोडला. मी झाडू घेऊन निघाले तर हेमावतीकाकू म्हणाली, "राहू दे गं. ओवाळलेला कोहळा आपण उचलायचा नाही, दृष्ट परत घरात येते." थोड्याच वेळात जेवणाचे डबे पोचवणारा रोशन बाइकवरून आला आणि त्या लगद्यावरून सर्रकन घसरला. पाय मोडला. पाणी घेऊन पहिली मी पळाले, म्हणून पोलिसांनी माझं नाव लिहून घेतलं.

आता काकावर केस. काका म्हणतो, आमचा कोहळा दुकानाच्या आवारात फुटला. रस्त्यावरचा दुसऱ्या कुणाचा तरी. त्या दिवशी अख्ख्या बेंगळुरूत कोहळे फुटतात, कोण कुणाचा सांगणार?

आणि मी राहते कुठे? काकाकडेच. अम्मा-अप्पा होसकोटेला, कॉलेज इथे. छान चाललंय माझं.

९ जुलै

एक गोष्ट अजून कुणालाच सांगितलेली नाही. पूजेला उशीर होत होता, कंटाळा आला, म्हणून त्या कोहळ्यावर मी काजळाने मिशी काढली होती. काकाची. टोकं वर वळवलेली.

१३ जुलै, रविवार

आज हॉलमध्ये कोर्ट भरलं. काकू जज्ज — दिवाणावर मांडी घालून, हातात लाटणं. काका दोन्हीकडचा वकील. मी कपडे वाळत घालायच्या स्टँडमागे उभी, समोर काकाचे ओले बनियन लोंबत होते.

"कोहळा कुठे फुटला?" काका.

"रस्त्यावर."

"अय्यो! 'आठवत नाही' म्हणायचं. एवढंच. ते खोटं नाही, फक्त आठवत नाही."

"पण आठवतंय ना."

जज्जने लाटणं आपटलं. टीपॉयवरचा चहा सांडला. मग कोर्ट पोळ्या लाटायला उठलं.

१४ जुलै

दिवसभर सराव. संध्याकाळी काकूने विचारलं, "दूध तापवलंस का?" तोंडातून आपोआप आलं, "आठवत नाही." दूध उतू गेलं होतं.

कॉलेजात सुप्रीता म्हणाली, घाबरू नकोस, जज्ज दात घासताना कशी दिसत असेल ते डोळ्यांसमोर आण. तिच्यासारखी मैत्रीण असली की शत्रू शोधायला नकोत.

१६ जुलै

काका दुकानातून लवकर आला. माझ्यासाठी मसाला डोसा आणला, जास्तीची चटणी घालून. मी खात असताना समोर बसून राहिला. मग हळूच म्हणाला, "जेलमध्ये टाकत नसतील ना गं एवढ्यासाठी?"

काका वाईट नाही. त्या दिवशी रोशनला नव्याकोऱ्या टेंपोत घालून दवाखान्यात त्यानेच नेलं. सीटला रक्त लागलं तरी काही बोलला नाही. पोलीस आले तेव्हा मात्र त्याची पाचावर धारण बसली आणि 'दुसऱ्या कुणाचा तरी कोहळा' सुरू झाला.

खरं सांगितलं तर काका बुडाला. मग या घरात मी कुठल्या तोंडाने जेवणार? होसकोटेची बस पकडावी लागेल. आणि नाही सांगितलं तर रोशन खोटा ठरणार. रडू येतंय. डोसा पण नीट गेला नाही.

१७ जुलै, गुरुवार

झालं.

सकाळी काकूने राहुकाळ बघून घराबाहेर काढलं आणि तीन तास कोर्टाच्या व्हरांड्यात बसवलं. डब्यात चित्रान्न, लिंबाचा पिवळा भात. शेवटी पट्टेवाल्याने माझं नाव असं काही ओरडलं की मी "प्रेझेंट मिस!" म्हणाले.

शपथ घेतली. जज्जबाईंनी कन्नडमध्ये विचारलं, घाबरलीस का? मी म्हटलं, "स्वल्प, अक्का." जज्जला अक्का! कारकून खाली बघून हसला. त्यात मला ते दात घासणं आठवलं. ओठ चावून धरले.

सरकारी वकिलांनी विचारलं, कोहळा कुठे फुटला. 'आठवत नाही' अगदी जिभेवर आलं होतं. पण बाकावर रोशन बसला होता. एका पायात चप्पल, दुसऱ्यात कसलातरी जाड बूट. काठी मांडीवर आडवी. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

म्हटलं, "रस्त्यावर. काकानेच फोडला." आवाज चिरकला, पण म्हटलं. मग झाडूचं सांगितलं, काकू काय म्हणाली तेही सांगितलं. रोशनला दवाखान्यात काकानेच नेलं, हे कुणी विचारलं नव्हतं, तेही सांगून टाकलं.

मग काकाचा वकील उठला. "तो यांचाच कोहळा कशावरून?"

"त्याला मिशी होती."

"काय होती?"

"मिशी. मीच काढली होती. काकासारखी."

जज्जबाईंनी पोलिसांचा फोटो मागवला. रस्त्यावर पडलेला अर्धा कोहळा, त्यावर अर्धी मिशी. त्यांनी फोटोकडे बघितलं, मग काकाकडे. काकाने मिशीवर हात ठेवला! सगळं कोर्ट हसलं. जज्जबाईंनी फाईल तोंडासमोर धरली, पण खांदे हलत होते.

काका हसला नाही.

१८ जुलै

काका बोलत नाही. काकू बोलते, पण भांड्यांशी.

२० जुलै

अजून नाही. सकाळी मी समोर आले तर पेपर वर धरला. उलटा होता. एरवी मी केवढी हसले असते. बॅग भरून ठेवलीय. अम्माला फोन केला तर म्हणाली, "बरं केलंस, खरं बोललीस," आणि मग होसकोटेची शेवटची बस कितीला ते सांगितलं.

२ ऑगस्ट

वकिलाचा फोन. आता काकूलाही साक्षीला बोलावणार म्हणे. काकूने आधी हंबरडा फोडला. मग कोर्टात कांजीवरम चालेल का, ते मला विचारलं. माझ्याशी बोलली एकदाची! मी म्हटलं, सुती नेस.

काका ऐकत होता. उठून आत गेला.

७ ऑगस्ट, गुरुवार

काकूची पाळी आलीच नाही. नाव पुकारायच्या आत काका स्वतः उभा राहिला. "कोहळा माझा. पोरगी बोलली ते सगळं खरं." दंड झाला, रोशनच्या औषधपाण्याचा खर्च भरायचा. बाहेर येऊन काकाने रोशनचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

जिना उतरताना माझ्याजवळ आला. एकवीस दिवसांनी पहिल्यांदा.

"उभा राहिलो तर पाय लटपटत होते गं. तू कशी काय उभी राहिलीस?"

"माझेही लटपटत होते, काका."

बॅग रिकामी करतेय.