हसऱ्या चेहऱ्यांनी बंद झालेली फाइल क्रमांक २०९

प्रति,
मा. अधीक्षक,
समुपदेशक प्रशिक्षण विभाग

विषय : फाइल क्रमांक २०९ पुन्हा उघडून संबंधित गृहस्थांना उद्या, गुरुवारी चार वाजता, खोली क्रमांक तीनमध्ये बसू देण्याबाबत.
संदर्भ : माझा 'दृष्टिकोन प्रतिकूल' असल्याचे कळवणारे आपले पत्र.

महोदया,

१. मी दुसऱ्या वर्षाची प्रशिक्षणार्थी आहे. मनःस्वास्थ्याच्या अ‍ॅपबद्दल काय वाटते, याची बावीस प्रश्नांची पाहणी विभागाने आमच्याकडून भरून घेतली. मी बावीसही ठिकाणी 'पूर्णपणे असहमत' लिहिले. उरलेल्या अठरा जणांनी 'अत्यंत उपयुक्त' लिहिले. हेच अठरा जण चहाच्या टेबलाशी त्या अ‍ॅपला नावे ठेवताना थकत नाहीत, पण प्रमाणपत्राचा विषय निघाला की सगळ्यांची दातखीळ बसते. असो.

२. माझा दृष्टिकोन सुधारावा म्हणून मला दर गुरुवारी चार वाजता संगणक कक्षात तीन-तीन धडे लावण्यात आले. आणि शिकवणार कोण, तर तेच अ‍ॅप! पहिल्याच धड्यात त्याने विचारले, आज कसे वाटते? मी लिहिले, किळस येते. उत्तर आले, 'अभिनंदन! तुम्ही भावना ओळखलीत', आणि पडद्यावर एक हिरवे पान उगवले. माझ्याकडे आता अशी नऊ पाने आहेत. शेळी असते तर खाल्ली असती.

३. हा अर्ज मात्र पानांसाठी नाही. फाइल २०९ म्हणजे घड्याळे दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ. पत्नी गेल्यापासून त्यांचे बोलणेच बंद झाले होते. मुलीने दर गुरुवारी चार वाजता, खोली तीनमध्ये, माझ्यासमोर आणून बसवले. तीन बैठका ते नुसता चष्मा पुसत राहिले. चौथ्या बैठकीत म्हणाले, "बाई, घरी गेलो की आता कुलूप मलाच उघडावं लागतं. तेवढंच जमत नाही बघा."

४. त्यांच्याकडे साधा फोन आहे. अशांना रोज फोन करून विचारायचे आणि त्यांच्या वतीने अ‍ॅपवरील पाच चेहऱ्यांपैकी एक दाबायचा, असा आपला नियम. नोंद चुकली तर आमचे प्रशिक्षणाचे आठवड्याचे तास धरले जात नाहीत. सलग चौदा हसरे चेहरे झाले की अ‍ॅप 'सुधारणा झाली' असा शेरा मारून फाइल परस्पर बंद करते. तशी ही झाली. दोष अ‍ॅपचा आहे, असे मी दोनदा लिहिले आणि दोन्ही कागद फाडले.

५. ते चौदा चेहरे मी दाबले. फोन न करता. बसची वाट बघताना, एकदा तर दात घासताना. आम्ही सगळेच असे करतो, कारण हसरा चेहरा दाबला की काम संपते आणि रडका दाबला की अकरा प्रश्न येतात. फाइल बंद झाल्यावर एक काम कमी झाले म्हणून मला बरेसुद्धा वाटले. शी! ज्याला मी नाके मुरडते ते अ‍ॅप निदान विचारते तरी, कसे वाटते म्हणून. मी तेवढेही केले नाही. आता किळस येते ती माझी मला.

६. फाइल बंद म्हणून यादीत नाव नाही, आणि यादीत नाव नाही म्हणून पहारेकरी आत सोडत नाही. तीन गुरुवार ते गृहस्थ चार वाजता येतात, फाटकाजवळच्या बाकावर पाचपर्यंत बसतात आणि निघून जातात. तेव्हा मी वर पाने गोळा करत होते. काल त्यांच्या मुलीचा फोन आला. म्हणाली, "बाबांना बरं वाटतंय असा मेसेज आला मला. कोणी ठरवलं हो हे?"

७. तरी तो शेरा रद्द करावा, ही विनंती. माझे प्रमाणपत्र रोखायचे असल्यास खुशाल रोखावे. उद्याच्या धड्यांना मी येणार नाही. खोली मिळाली नाही तर मी चार वाजता बाकावर बसेन.

आपली,
आजवर नम्रपणे खोटे भरत आलेली,
प्रशिक्षणार्थी, हजेरी क्रमांक १७
बुधवार, दि. ४ मार्च

सोबत :
(१) चौदा नोंदींची वेळेसह यादी.
(२) फाटकावरील वहीच्या तीन पानांची प्रत. 'कोणाकडे काम आहे' या रकान्यात त्यांनी तिन्ही वेळा लिहिले आहे : 'ऐकणाऱ्या बाईंकडे'.