आईचं पडणं

बाबा,

काल एक तिशीतला नट घरी येऊन गेला. आम्ही आता शीवला राहतो, आई माझ्याकडेच असते. टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात तो साडी नेसून पडतो आणि निम्मे लोक तेवढ्यासाठीच तो कार्यक्रम बघतात. तुमच्या मिलच्या नाटकमंडळातल्या कुणा म्हाताऱ्याने त्याला तुमच्याबद्दल सांगितलं होतं. चपला काढता काढताच म्हणाला, "ताई, तुमच्या वडिलांचं ते खाणावळवालीचं पडणं, मला त्याच्याबद्दल विचारायचंय." तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. मला वाटलं होतं, ते पडणंही तुमच्याबरोबर गेलं. आई आत कोथिंबीर निवडत होती. तिने ऐकलं, आणि तिचा हात थांबला.

तुम्ही साच्यावरचे चांगले विणकर होतात असं सगळे म्हणायचे, पण लालबागमध्ये तुमची ओळख पडण्यामुळे. नाटक कसलंही असो, तुमचं एक पडणं त्यात असायचंच. खुर्चीवरून, ओट्यावरून, स्वतःच्याच धोतरात पाय अडकून. मी सहा-सात वर्षांची असताना तुम्ही मला गादीवर पडायला शिकवलंत. हनुवटी छातीला लाव, श्वास आधीच सोडून दे, आणि पडता पडता तळहात जमिनीवर जोरात आपट. आवाज हाताचा येतो, लोकांना वाटतं हाड मोडलं. चाळीतल्या इतर मुलींचे बाप त्यांना पाढे शिकवायचे. आपल्या खोलीत मी धपाधप पडत असायचे, खालच्या मजल्यावरून काकी ओरडायच्या आणि तुम्ही दाराला कडी लावायचात. "माणूस शब्दाला हसेलच असं नाही," तुम्ही म्हणायचात, "पण दुसरा पडला की हसतोच. त्याला तेवढ्यात कळतं की आपण अजून उभे आहोत."

मग संप आला. पहिले काही महिने तुम्ही मीटिंगा, मोर्चे, गेटवर उभं राहणं यात होतात, तेव्हा घरात एक प्रकारचा उत्साहच होता. दीड वर्षानंतर तो उरला नव्हता. आपल्याकडे जेवायला येणारे सातही मिलवाले एकटे बाप्ये गावी निघून गेले होते. आईची खाणावळ बंद पडली, तेव्हा तिने कॉटन ग्रीनच्या एका गोदामातल्या कारकुनांचं दुपारचं जेवण धरलं. मोठ्या पितळी डब्यात डाळ, वर पोळ्यांची चळत, आणि ते सगळं डोक्यावर घेऊन लालबागहून चालत. शाळेला सुट्टी असली की वाट्यांची पिशवी घेऊन मी मागून जायचे. तुम्ही दुपारी भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचात. झोपलेले नसायचात, हे आम्हा दोघींना माहीत होतं. त्या दिवसांत तुम्ही एकदाही हसला नाहीत. मी बारा वर्षांची होते आणि तुमच्या न हसण्याची मला भुकेपेक्षा जास्त भीती वाटायची.

आई जिन्यावरून पडली तो शनिवार होता. तुम्ही सकाळीच मीटिंगला गेला होतात. दुसऱ्या मजल्याची ती झिजलेली पायरी, जिच्यावरून सगळे सांभाळून उतरायचे, तिच्यावर तिचा पाय सरकला. मी चार पायऱ्या मागे होते. ती ओरडली नाही. डोक्यावरचा डबा तिने दोन्ही हातांनी छातीशी ओढून घेतला, आणि हात डब्याला गुंतले म्हणून कठड्याला धरता आलं नाही. कमरेवर आपटत, पायरी पायरी मोजत गेल्यासारखी ती खालच्या वळणापर्यंत घसरत गेली. मी धावत खाली गेले तर म्हणाली, "झाकण बघ आधी." डाळ सांडली नव्हती. ती बराच वेळ तशीच बसून राहिली, मग कठडा धरून उठली, आणि आम्ही कॉटन ग्रीनला गेलो. वाटेत दोनदा थांबली. परत येताना म्हणाली, "बाबांना सांगू नको. त्यांच्या डोक्याला आधीच काय कमी ताप आहे?" मी हो म्हटलं.

ते मी आठ दिवसही पाळलं नाही. आई डबा पोचवायला गेली होती, तुम्ही भिंतीकडे तोंड करून होतात, आणि मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हटलं, "बाबा, गंमत दाखवू?" तुम्ही मान वळवली. मी परडी डोक्यावर घेतली, टॉवेलचा पदर करून आईसारखा खोचला आणि पडले. तुम्ही शिकवलं होतं तशी, तळहात आपटून. तुम्ही उठून बसलात. "परत कर." मी परत केलं. तिसऱ्या वेळी मी परडी हवेत उडवली आणि डाळ खालच्या काकींच्या डोक्यावर पडली असं दाखवलं, आणि तुम्ही हसलात. बाबा, तुम्ही पोट धरून हसलात, डोळ्यांतून पाणी आलं तुमच्या. मग विचारलंत, "ही खरंच पडली?" मी सगळं सांगितलं. कंबर, झाकण, न सांगायचं कबूल केलेलं, सगळं. माझी वेणी ओढून तुम्ही म्हणालात, "हे आपल्या दोघांत. आईला कळणार नाही, शपथ." मला वाटलं, मी तुम्हाला बरं केलं.

पुढच्या महिन्यात चाळीत सत्यनारायणाची पूजा होती. संपात पूजा कशी करायची यावर वाद झाले होते, पण झाली, आणि करमणुकीचं तुमच्यावर सोपवलं. मी आईच्या मांडीला टेकून बसलेय. बाकं एकावर एक रचून जिना केलाय. तुम्ही आत येता, आणि माझ्या आधी आईला कळतं, कारण साडी तिची आहे. ट्रंकेतली, हिरवी, लग्नकार्याला नेसायची. डोक्यावर डबाही आपलाच. तुम्ही पदर खोचता, तिच्यासारखी मान ताठ धरता, पाय सरकतो, डबा हवेत उडतो आणि तुम्ही बाकांवरून धडाधड खाली येता. इतकं हसणं त्या चाळीत कितीतरी महिन्यांत ऐकलं नव्हतं. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारतायत, वन्समोर म्हणून ओरडतायत. शेजारची काकी आईला कोपराने ढोसते, "अगो, घोव बघ तुझो!" तुम्ही परत वर चढता, परत पडता. आईचा हात कमरेवर गेलाय. ती इतकी स्थिर बसलीय की मला तिच्या मांडीवरून डोकं उचलायची हिंमत होत नाही.

खोलीत आल्यावर तिने साडी तुमच्या हातातून घेतली, घडी घातली, आणि माझ्याकडे वळली. "तू सांगितलंस?" माझं तोंड उघडलं होतं. माझ्या आधी तुम्ही बोललात.

"तिने कशाला सांगायला हवं? मी खालीच होतो त्या दिवशी, जिन्याशी. मीटिंगवरून येत होतो."

"खाली होतात?"

"मग काय. बघितलं की सगळं."

"आणि वर आला नाहीत?"

"तू उठलीस की. झालं होतं काय तुला?"

आई रागावली की गावच्या बोलीवर जायची. "बगीत रवलात?" एवढंच म्हणाली. बघत राहिलात? मग तिने तुमचं ताट वाढलं.

तुम्ही मला वाचवलंत असं मी बरीच वर्षं धरून चालले. मिलने तुम्हाला परत घेतलं नाही, पण त्या पडण्याने घेतलं. एका धंदेवाईक कंपनीने तुम्हाला बोलावलं आणि तुम्ही आईची चाल, आईची मान घेऊन गावोगाव पडत राहिलात. आई तुमच्या एकाही प्रयोगाला आली नाही. तिची कंबर सरळ झाली नाही ती नाहीच. मी कॉलेजात असताना दादरला तुमचा छोटा सत्कार झाला. हे कसं सुचलं, असं कुणीतरी विचारलं. तुम्ही माइक जवळ ओढून सांगितलंत, "मी जिन्याखाली उभा होतो आणि वरून आमची लक्ष्मी डब्यासकट अवतरली." सभागृह हसलं. मी तिसऱ्या रांगेत होते. तुम्ही मला बघितलंत, आणि तसेच पुढे बोलत राहिलात. तेव्हा मला कळलं, ती थाप माझ्यासाठी नव्हती. किंवा पहिल्या रात्री असेलही, पण नंतर ती तुम्हाला आवडायला लागली होती. आईचं पडणं घेतलंत, मी तुमच्यासाठी केलेलं घेतलंत, आणि बदल्यात आईला एक असा नवरा दिलात, जो बायको पडताना खाली उभा राहून बघतो. घरी येऊन मी काहीच बोलले नाही. तुम्हीही, शेवटी परळच्या हॉस्पिटलात तीन आठवडे होतात, आई रोज पेज भरवत होती, तेव्हाही बोलला नाहीत.

काल तो नट आईसमोर जमिनीवरच बसला. आईने त्याला सगळं नीट सांगितलं. पायरी, गोदाम, झाकण. "आणि हे खाली उभे होते," ती म्हणाली. तो भारावून गेला. "म्हणजे त्यांनी प्रत्यक्ष बघून उचललंय! काय निरीक्षण असेल, आजी!"

"हो," आई म्हणाली. "निरीक्षण चांगलं होतं."

त्याने परवानगी मागितली. आई म्हणाली, "कर की. पण डबा सोडू नको. मी सोडला नव्हता."

तो ओशाळून हसला. "आजी, खरं सांगू? डबा उडाला नाही तर हशा येत नाही. जोक आठवड्यात शिळे होतात, पण हे शिळं होत नाही. आमच्याकडे अजूनही सगळ्यात जास्त हेच चालतं." मग राहवलं नाही म्हणून त्याने उठून टीपॉय सरकवला, माझ्या स्वयंपाकघरातली परडी घेतली आणि आमच्या दिवाणखान्यात पडून दाखवलं. तळहात बरोबर आपटला. कोणी कोणाला शिकवलं असेल कोण जाणे. परडी पंख्यापर्यंत गेली, आणि मी हसले. सगळं माहीत असून, आई शेजारी बसलेली असून. आईही हसली, जराशी, मग कमरेवर हात ठेवून उठली आणि त्याच्यासाठी चहा टाकायला गेली.

तो गेल्यावर ती मला म्हणाली, "तुझे बाबा वाईट नव्हते. फक्त वर यायला हवं होतं." चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने हे मला सांगितलं. मी ताटात वाटाणे सोलत होते. ती आणखी थोडा वेळ तिथेच उभी राहिली, मी काही म्हणेन म्हणून असेल. मी म्हटलं, "आई, गोळी घेतलीस का?"

आता ती झोपलीय, दुपारचं ऊन गॅलरीत आलंय, आणि मी हे तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही वाचणार नाही. तुमच्यावरचा माझा राग खरा आहे, तो कमी करायचा माझा विचार नाही. पण तुम्ही त्या दिवशी जिन्याखाली नव्हतात, हे एवढं एक वाक्य तिला सांगायला मला मिनिटभर लागलं असतं, आणि कालही मी ते सांगितलं नाही.