पायाळूचा पाय आणि दौलतचं मनगट

१६ ऑक्टोबर, संध्याकाळ
चाळीचा कंदील टांगताना दौलत स्टुलावरून पडला. स्टूल मी धरलं होतं. म्हणजे जवळजवळ धरलंच होतं. ऑफिसचा मेसेज आला म्हणून एक हात काढला, मग टाइप करायला दुसरा. दौलत उजव्या पंजावर आपटला, मनगट टम्म सुजलं. लालबागला ब्लाउज शिवतो बिचारा, पोट त्याच हातावर. फार वाईट वाटलं. पण औषध घरातच आहे. मी पायाळू. जन्मताना पाय आधी बाहेर आले. अख्ख्या चाळीच्या उसणी माझ्या लाथेनं जातात.

१७ ऑक्टोबर, सकाळ
दौलतच्या मनगटावर तीनदा पाय फिरवला. कळवळला. मुरगळ निघताना कळ येणारच. त्याची बायको दर्शना म्हणाली, भावोजी, परळचं हॉस्पिटल काय लांब नाय, हाताचा फोटो काढून आणते. जवळ आहे म्हणून उठसूट हॉस्पिटलात जायचं? ऐन सीझनमध्ये ओपीडीत दिवस फुकट. नको म्हटलं. शिवाय तिथे विचारतात, कसे पडलात. (हे उगाच लिहिलं.)

१९ ऑक्टोबर
सूज उतरली. निदान मला तशी दिसते. दौलत म्हणतो, अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना सारख्या मुंग्या येतात, कात्री धरवत नाय. रक्त मोकळं होतंय, दुसरं काय! आजपासून दोन वेळा पाय.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
दर्शनानं गिऱ्हाइकांची कापडं न शिवताच परत केली. आमच्याकडे फराळाचं ताट मात्र आलं. चकली घशाखाली उतरेना. सहाच खाल्ल्या. उद्या दौलतला स्वतः हॉस्पिटलात नेणार. नक्की.

२२ ऑक्टोबर
पाडवा. सणासुदीला हॉस्पिटलाची पायरी नको.

२३ ऑक्टोबर
भाऊबीज. बहिणीकडे घोडपदेवला. उद्या.

३१ ऑक्टोबर
दर्शनाच त्याला घेऊन गेली. मला न विचारता! मनगटातलं एक छोटं हाड जागा सोडून तळव्याकडे घुसलंय, नस दाबतंय. क्वचितच होतं म्हणे असं. समोरून काढलेल्या एक्स-रेत डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतं, बाजूनं काढला तेव्हा दिसलं. बघा! डॉक्टरांना दिसत नाही, तर माझ्या पायाला काय दिसणार? जरा बरं वाटलं. चहा होईपर्यंतच.

४ नोव्हेंबर
ऑपरेशन. हाड जागेवर बसवून तारा घातल्या. दिवसभर बाहेर बाकड्यावर बसलो. वाक्य पाठ केलं: दौलत, स्टूल मी सोडलं, आणि हॉस्पिटल नको असंही मीच म्हटलं. आत गेलो तर तो गुंगीत. गुंगीतल्या माणसाला काय सांगणार.

५ नोव्हेंबर
आज दौलत शुद्धीवर, मी तयार. तोंड उघडलं आणि डॉक्टर मॅडम राउंडला आल्या. चिडलेल्या. पहिल्याच दिवशी आला असतात तर हाड ओढून बसवता आलं असतं म्हणाल्या, आता बोटं पूर्वीसारखी चालतील याची खात्री नाही. मग विचारलं, थांबायला सांगितलं कोणी?

दर्शना माझ्याकडे बघत राहिली. दौलतच बोलला. कोण नाय मॅडम, माझाच अडाणीपणा. हा उन्मेष तर रोज मागे लागलेला, डॉक्टरकडे चल म्हणून.

मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, असे मित्र नशिबानं मिळतात.

मी थँक्यू म्हणालो.