डावा पाय

आई, आज सकाळी चटईवर उताणी पडून दोन्ही गुडघे छातीशी धरले, दहापर्यंत आकडे मोजले आणि तुझी आठवण आली. मायेनं नाही, किळस येऊन. तुझं सैपाकघर नाकात शिरलं.

मी पायांकडून जन्मले, पायाळू. पायाळूची लाथ बसली की पाठीत भरलेली उसण जाते, यावर तुझा देवापेक्षा जास्त भरवसा. पिंपरीत नवीन कंपन्या निघाल्या होत्या. लोखंड उचलून कंबर धरलेले पुरुष रविवारी नारळ घेऊन चाळीत आपल्या दारात यायचे. तू चुलीजवळ पोतं अंथरायचीस, ते सदरा काढून पालथे पडायचे. "डाव्याच पायानं घाल गं. उजव्यानं उतरत न्हाई," हे तू दर खेपेला सांगायचीस. एखादा पडल्या पडल्या म्हणायचा, "पोरी, अशीच एक आमच्या सुपरवायझरला घाल राव," आणि दारातले बाकीचे हसायचे. मला हसू यायचं नाही. तेलकट, घामट पाठ तळव्याला चिकटते. मी राखेनं पाय घासते, आणि पोतं उचललेल्या त्याच जागी तू माझं ताट मांडतेस. मी न्हातीधुती झाले तरी तू थांबली नाहीस. मान वळवून ते माझ्याकडे कसे बघायचे, तुला दिसत होतं.

लग्न होऊन चिंचवडला गेले तेव्हा सुटले. यांना कंपनीच्या दवाखान्यातून पाठीच्या व्यायामाचा कागद मिळाला होता, चार चित्रं आणि खाली मराठीत सूचना. पुड्यांचे कागद वाचून वाचून मला अक्षरं आली होती. मी वाचायचे, हे करायचे. महिन्याभरात यांची पाठ मोकळी झाली. पुढे हंडा उचलताना तुझी कंबर धरली, तेव्हा तोच कागद घेऊन मी आले. तुझ्याशेजारी जमिनीवर पडून दाखवलं: गुडघा हळू ओढायचा, ताण बसला की थांबायचं, झटका द्यायचा नाही.

"बाईमाणसानं आसं पाय वर करून लोळायचं? लाज हाय का?"

"परक्या पुरुषांच्या पाठीवर पाय द्यायला लावलास, तेव्हा होती का?"

"ते पुण्य व्हतं. त्यो कागद घाल चुलीत. एक लाथ मार आन् मोकळी हो."

तू पोतं अंथरून पालथी पडलीस. मी मारली. तू ओरडली नाहीस, फक्त पोतं मुठीत धरलंस. चार दिवस अंथरुणातून उठली नाहीस. त्यानंतर मरेपर्यंत वाकूनच चाललीस आणि बायकांना सांगत राहिलीस, "लेकीनं उसण काढली माजी. हाडंच म्हातारी झाली, त्याला ती काय करंल?"

हे होते तोवर माझ्यासाठी मोठ्यानं आकडे मोजायचे, मुद्दाम सातावर अडखळायचे. आता मीच मोजते. कागद घड्यांवर फाटलाय. झटका द्यायचा नाही, ही ओळ आली की रोज थांबते. तेव्हाही मला ती वाचता येत होती.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. तुझं तोंड जमिनीकडे होतं, तुला दिसलं नाही. मी उजव्या पायानं मारलं होतं.