कॅरियरवरचा गठ्ठा

३ मार्च

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. कंबर धरली आहे, म्हणून तो कागदावरच घालते, गोड मानून घे. भावोजींचा खोकला कसा आहे? काही कळवलं नाहीस म्हणजे बराच असणार. नसता तर तू चार पानं लिहिली असतीस.

इकडे सगळं ठीक. फक्त सायकल मोडली. लगेच छातीवर हात ठेवू नकोस, मी धडधाकट आहे, गुडघा तेवढा खरचटला. पंधरा दिवसांपूर्वी दुकान बंद करून घरी येत होतो, चढ संपला, उताराला लागलो, तोच मागून कडकन आवाज आला आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला आडवे. दोघं म्हणजे मी आणि सायकल. उठून बघते तर फ्रेमची मागच्या चाकाकडे जाणारी नळी जोडाजवळ चांगली चिरलेली.

तू हौसेनं घेऊन दिलेली सायकल गं! माझा जीव असा तळतळला म्हणून सांगू. पण म्हटलं, रडायचं कशाला? सायकलीबरोबर जी पुस्तिका मिळते तिच्यात ठसठशीत अक्षरांत छापलंय, ‘फ्रेमची आयुष्यभर हमी’. माझं आयुष्य अजून चालू आहे, तेव्हा द्या म्हणावं नवी फ्रेम. दुकानदारानं कानावर हात ठेवले, कंपनीला लिहा म्हणाला. कंपनीला लिहिलं. उत्तर काय यावं? ‘फ्रेमवर मर्यादेपेक्षा जास्त भार पडल्याचे दिसते, सबब हमी लागू होत नाही. तरी कृपया आपले वजन कळवावे.’

मेल्यांची हिंमत बघ! परक्या बाईला वजन विचारतात आणि वर कृपया म्हणतात. जन्म गेला माझा लोकांची मापं घेण्यात. कोणाचं पोट किती सुटलं हे मी त्याच्या बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही, गुपचूप शिवणीत कापड सोडून ठेवते. आणि हे निघालेत माझं माप घ्यायला! तडक फोन लावला. तक्रार विभागात एक मुलगी आहे, आवाज गोड, पण जागची ढिम्म हलत नाही.

“मॅडम, आपलं वजन?”

“तुझं किती?”

“मॅडम, सायकल आपली आहे.”

“आणि फ्रेम तुमची आहे!” म्हटलं, आणि ठेवून दिला फोन.

शेजारच्या दुकानातले घड्याळवाले तेव्हा माझ्याकडेच बसले होते. ते म्हणाले, “टाका की कळवून. वजनच तर आहे.” मी असं काही बघितलं त्यांच्याकडे, की उठून आपल्या दुकानात जाऊन बसले बिचारे. माणूस तसा कामाचा आहे. डोळ्याला ते भिंग लावून त्यांनी चीर तपासली आणि म्हणाले, जोड मुळातच कच्चा आहे, आत जुना गंज दिसतोय. म्हणजे बघ! नाचता येईना अंगण वाकडं. यांचा जोड कच्चा आणि नाव माझ्या अंगाचं.

शेवटी घड्याळवालेच मला औषधांच्या दुकानातल्या वजनकाट्यावर घेऊन गेले. आकडा इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की पुस्तिकेतल्या मर्यादेच्या मी आत आहे. थोडीशी आत, पण आत. मी काट्यावर उभी होते तेवढा वेळ घड्याळवाले पाठ फिरवून खोकल्याच्या बाटल्या वाचत होते. एवढी सभ्यता हल्ली कुठे राहिलीये?

वजन कंपनीला रजिस्टर पोस्टानं कळवलंय. आता कशी देत नाहीत तेच बघते. भावोजींना नमस्कार.

तुझी, मर्यादेच्या आत असलेली,
बारकी

——

१९ मार्च

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. कंबर सुटली, म्हणून आज खरोखर वाकून.

तुझं पत्र मिळालं. मी एवढी रामकहाणी सांगितली आणि तुला त्यात दिसलं काय, तर घड्याळवाले! ‘या पत्रात सायकल कमी आणि घड्याळवाले जास्त आहेत,’ म्हणे. अगं, शेजारी आहेत. आमच्या दोन दुकानांत एकच भिंत आहे, तीही पातळ. माणूस येणारच ना पत्रात! आणि ‘त्यांच्या घरी कोण कोण असतं’ हे तुला कशाला हवंय? कोणी नसतं. एक मांजर आहे, तीही दिवसभर माझ्याच चिंध्यांवर झोपलेली असते.

ते जाऊ दे. मोठी बातमी ही की कंपनीनं तपासनीस पाठवला. पिकल्या मिशांचा, गंभीर माणूस, हातात विजेरी. मी दुकान लख्ख झाडून ठेवलं होतं. सायकल धुऊनपुसून मधोमध उभी केली होती. म्हटलं, बघू दे, बाईनं कशी पोटच्या पोरीसारखी ठेवलीये.

तिथेच घात झाला बघ.

तपासनीसानं चीर बघितली, विजेरी मारून जोड बघितला, हूं हूं केलं. मग त्याचं लक्ष कॅरियरवर गेलं. कॅरियरवर मी गादी शिवून बसवलीये. सांगायचं राहिलं होतं तुला. दुहेरी शिवणीची, कडेला गोट, खालून चार काज-बटणं, म्हणजे सरकत नाही. काम इतकं सुबक झालंय की काढून ठेवावी हे माझ्या डोक्यातच आलं नाही. उलट झटकून, फुगवून ठेवली होती!

“ही गादी कशासाठी?” तपासनीस.

“कपड्यांच्या गठ्ठ्यासाठी. मी शिंपीण आहे, गिऱ्हाइकांना कपडे पोचवते.”

“गठ्ठ्याला गादी लागते?”

“गठ्ठा जरा नाजूक असतो,” म्हटलं.

त्यानं मान डोलावली. खाली वाकला. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पाय टेकायला लोखंडी दांड्या लावून घेतल्यात, त्या त्यानं विजेरीनं एकेक करून बघितल्या. मग मिशीतल्या मिशीत विचारलं, “आणि बाई, गठ्ठ्याला पाय असतात का?”

ताई, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. आणि नेमके त्याच वेळी घड्याळवाले दारात. रोजची वेळ झाली, की दुकान बंद करून, डबा हातात घेऊन ते माझ्या दारात येऊन उभे राहतात. सवयीनं आले. म्हणाले, “निघायचं?” तपासनीसानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा गादीकडे. मग विजेरी विझवून खिशात घातली.

माणूस मात्र भला निघाला. म्हणाला, “बाई, जोड कच्चा आहे हे मी लिहीन, कारण ते खरं आहे. गठ्ठा मी बघितला नाही. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की या सायकलीवर तुम्ही एकट्याच बसता, दुसरं कोणी कधी बसलेलं नाही. आठवड्यात नवी फ्रेम तुमच्या दारात.”

म्हणजे जिंकलेच म्हण की. दोन ओळींचं तर काम. आज गणवेशांची घाई आहे, उद्या लिहून टाकते.

तू परत परत विचारू नयेस म्हणून सांगते, घड्याळवाल्यांना सायकल येत नाही. लहानपणी शिकायची राहिली. घर माझ्याच वाटेवर आहे. आता एवढ्या लांब एका शेजाऱ्यानं पायपीट करायची आणि दुसऱ्यानं शेजारून सायकल दामटत जायचं, हे माणुसकीला धरून आहे का, तूच सांग.

सांगू नकोस. मला ठाऊक आहे तू काय सांगशील ते.

तुझी,
बारकी

——

११ एप्रिल

ताई,

नमस्कार. आधी खाली बस, चष्मा लाव, आणि भावोजी समोर असतील तर त्यांनाही बसव.

त्या दोन ओळी मी लिहिल्या नाहीत.

लिहायला बसले होते. कापड बेतायच्या टेबलावर कागद घेतला. घड्याळवाले समोर स्टुलावर. म्हटलं, तुम्ही सांगा, मी उतरवते. मला ती कचेरीची भाषा कुठली येतेय? ते सांगायला लागले, “सदर सायकल मी एकटीच वापरते.” लिहिलं. “माझ्याशिवाय अन्य कोणीही या सायकलीवर कधीही बसलेले नाही.” इथे माझा हात अडला. म्हटलं, “हे धडधडीत खोटं आहे.” तर ते हसले आणि शांतपणे म्हणाले, “खोटं कसलं त्यात? लिहा हो. मी कोण?”

मी कोण!

ताई, माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हटलं, कोण म्हणजे? चढ आला की खाली उतरून मागून सायकल ढकलतं ते कोण? मला ताप होता तेव्हा माझ्या दुकानात बसून, फोन घेऊन, गिऱ्हाइकांना ‘बाई उद्या येतील, परवा येतील’ म्हणून कोण थापा मारत होतं? त्या दिवशी पडलो तेव्हा स्वतःच्या कोपराचं रक्त पुसायचं सोडून माझा गुडघा बघत रस्त्यात कोण बसलं होतं? एवढं सगळं मी केवढ्यानं तरी ओरडले. माझ्या हाताखाली मशीनवर शिवायला बसते त्या बाईनं पाय थांबवला. भिंत पातळ आहे हे सांगितलंच आहे, पण त्या पलीकडच्या फुलवाल्यालाही ऐकू गेलं म्हणे.

ते भिंग काढून पुसत बसले, आणि भिंग काही स्वच्छ होईना.

मग मी तो कागद चुरगाळला, दुसरा घेतला आणि माझ्या भाषेत लिहिलं, ‘या सायकलीवर आम्ही दोघं बसतो. रोज बसतो. पुढे मी आणि मागे ते. तुमचा जोड कच्चा आहे तो आहेच, पण खोटं लिहून मला तुमची फ्रेम नको.’ खाली सही ठोकली आणि त्यांनाच ते टपालपेटीत टाकायला लावलं.

कंपनीचं उत्तर आलं. ‘आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभारी आहोत. आपला दावा फेटाळण्यात येत आहे.’ त्या गोड मुलीनं फोनही केला. म्हणाली, “मॅडम, सॉरी. पण तुमचं पत्र इथे सगळ्यांनी वाचलं.” म्हटलं, “आता तरी तुझं वजन सांग.” सांगितलं तिनं! माझ्याहून फार कमी नाहीये.

फ्रेमला वेल्डरकडून ठिगळ मारून घेतलंय. दिसतं ओबडधोबड, पण उभी राहते. वेल्डरनं बजावलंय, दोघांनी बसायचं नाही. म्हणून आता सायकल आम्ही हातात धरून चालत नेतो, वर कपड्यांचा गठ्ठा. खरा. घरी पोचायला दुप्पट वेळ लागतो, आणि आमची दोघांची त्याला काही हरकत नाही.

तू सायकल घेऊन दिलीस तेव्हा म्हणाली होतीस, “लोकांच्या मागे बसून येत जाऊ नकोस, एकट्या बाईला लोक नावं ठेवतात.” मी तुझं ऐकलं. कोणाच्या मागे बसले नाही. मागे कोणाला बसवायचं नाही, असं तू म्हणाली नव्हतीस. हे मी पळवाट म्हणून लिहितेय, कळतंय मला. तुझ्यापुढे माझी पळवाट कधी चाललीये?

ताई, खरं सांगू? हे गेल्यापासून नऊ वर्षं मी तू सांगितलंस तशी राहिले. मान खाली, काम भलं आणि आपण भलं. वाईट नव्हतं ते. पण संध्याकाळ झाली की दुकान बंद करायचं माझ्या जिवावर यायचं. आता वेळ कधी होते याची मी वाट बघते. या वयात, या अंगानं, मला हसू येतं स्वतःचं. आणि आवडतंही.

पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला आम्ही नोंदणी कचेरीत जातोय. सकाळी, गर्दी नसते तेव्हा. त्यांनी विचारलं वगैरे काही नाही. मीच म्हटलं, “कंपनीला कळवून झालंय, आता सरकारला कळवू.” ते म्हणाले, “आधी तुमच्या ताईंना कळवा.” बघ, तुला न भेटताच तुला घाबरतात. साक्षीदार लागतात. त्यांच्याकडून फुलवाला येणार आहे. माझ्या बाजूनं मी कोणालाच विचारलेलं नाही, मशीनवरची बाई मागे लागली तरी.

आई गेली तेव्हा माझ्या वेण्या तू घातल्यास. माझं पहिलं लग्न तू ठरवलंस, आणि हे गेले तेव्हा माझ्या उशाशी तूच बसून होतीस. कंपनीला ते पत्र मी एका बैठकीत लिहिलं. तुला हे लिहायला तीन दिवस टाळाटाळ केली, काजं केली, उसवलेल्या चेनी लावल्या, मांजरीला अंघोळसुद्धा घातली. कंपनी नाही म्हणाली, तर एक फ्रेम गेली. तू नाही म्हणू नकोस गं.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी, पण तारीख न बदलणारी,
तुझी बारकी